गोडदेवच्या गांडुळांचं हत्याकांड

१. मयताचं नाव

खून हा खून असतो. बळी लहान की मोठा यावरून त्याचं गांभीर्य ठरत नाही, आणि आपल्यातल्या सगळ्यात दुबळ्या जिवाच्या मृत्यूकडे समाज कसा पाहतो यावरूनच त्या समाजाची उंची मोजली जाते. हे मी चौकीतल्या हवालदारांना उभ्या उभ्या ऐकवलं. त्यांनी शांतपणे पेन उचललं.

"मयताचं नाव?"

"नाव नाही. गांडुळं आहेत."

"किती?"

"आमचे सचिव राऊतसाहेब फोनवर म्हणाले, पाऊण लाख."

त्यांनी पेन खाली ठेवलं, विचार केला आणि विचारलं, "नातेवाईक कोणी?" थट्टा नव्हती ती. पुढचा प्रश्न तोच असतो, म्हणून विचारला होता.

मी परत फिरलो. दोन हजार आठ सालचा फेब्रुवारी, रविवारची सकाळ. सोमवारी पाहणी समिती येणार होती आणि पाहायचं जे होतं ते मेलेलं होतं.

भाईंदर पूर्वेला गोडदेव गाव आता इमारतींच्या मधल्या फटीत राहतं. अशाच एका फटीत तुळसाबाई म्हात्रेंचं शेत आहे: पालक, मुळा, माठ, वालाच्या शेंगा. शेताच्या कडेला आमच्या हरित खाडी प्रतिष्ठानचं सेंद्रिय शेती केंद्र. केंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड आणि विटांचे खड्डे. बेव्हर्ली पार्कातल्या सोसायट्यांचा ओला कचरा इथे येतो, गांडुळं त्याचं खत करतात, आणि ते खत तुळसाबाईंच्या शेतात आणि घोडबंदरच्या उरल्यासुरल्या दोन-तीन मळ्यांत जातं. हे सगळं सरकारी अनुदानावर चालतं. मी प्रतिष्ठानच्या कार्यकारिणीत आहे, कारण ज्या सभेत निवड झाली त्या सभेला मी गेलो नव्हतो.

अनुदान लागतं, कारण रासायनिक खत बंद केलं की जमीन आधी रुसते. पीक निम्म्यावर येतं. पुन्हा उभी राहायला तिला तीन वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं शुद्ध काढली तरच 'सेंद्रिय' म्हणून प्रमाणपत्र मिळतं. तोवरचं नुकसान कोणी सोसायचं? बेव्हर्ली पार्काला बिनविषारी पालक हवा असतो, पण विषारी पालकाच्या भावात. मग उरतं सरकार. तुळसाबाईंचं हे तिसरं वर्ष होतं. त्यांनी मुलाला साफ सांगितलं होतं, अनुदान चालू राहिलं तर शेत राहील, नाही तर बिल्डरच्या कागदावर सही करते. त्यामुळे सोमवारी खरं तर गांडुळांचा निकाल लागायचा नव्हता, शेताचा लागायचा होता.

मी केंद्रावर पोचलो तेव्हा मांडव सजलेला होता. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, 'सुस्वागतम्'चा फलक, वाटेच्या दोन्ही बाजूंना आणि शेताच्या बांधावर चुन्याच्या फक्कीच्या सरळ पांढऱ्या रेघा. लग्नघर वाटावं असं सगळं, फक्त नवरी खड्ड्यात मरून पडलेली. गोणपाटं बाजूला केली होती आणि गांडुळं वर येऊन गोळाच्या गोळा निपचित पडली होती.

तुळसाबाईंनी मला चहा दिला. कप हातात धरून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. प्यायलो तेव्हा गार झाला होता, पण स्वच्छ होता.

"सगली मेलीत," त्या म्हणाल्या. "काल सांजच्याला पानी मारलं तवा बरी व्हती. आता उद्या साहेबाला काय दाखवायचं, तुमचं भाषन?"

मांडवाच्या खांबाला धरून प्रतिष्ठानचे सचिव ईश्वर राऊत उभे होते. मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. डोळे लाल. ते म्हणाले, "हा घातपात आहे. आणि करणारा आपल्या ओळखीचा आहे."

हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं.

२. मांजर नसलेला ट्रक

तपास मनोरमाताई वाघमाऱ्यांकडे गेला, कारण दुसऱ्या कोणाला घ्यायचा नव्हता. ताई मूळच्या नांदेडच्या. आयुष्य एका जकात नाक्यावर निरीक्षक म्हणून काढलं आणि निवृत्तीनंतर बेव्हर्ली पार्कात वन बीएचके घेतला. जकात नाक्यावर नोकरी करून वन बीएचकेच घेतला, एवढ्या एका गोष्टीवर सबंध सोसायटी त्यांना जरा टरकून असते. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा होतो तोही त्यांच्याच धाकाने. आमच्या खड्ड्यांतली निम्मी गांडुळं त्यांच्या धाकावर जगत होती म्हणायला हरकत नाही.

त्यांनी खड्डे पाहिले, गोणपाट उचललं, हुंगलं, खाली ठेवलं. मग मांडवातल्या खुर्चीत बसल्या आणि तुळसाबाईंनी दिलेला चहा सावकाश प्यायल्या.

"ताई, काही दिसलं?" मी विचारलं.

"लेखक, तुम्ही नाक्यावर असता तर सगळे ट्रक सोडले असते. काय दिसतंय ते बघायचं नसतं. काय असायला हवं होतं आणि नाही, ते बघायचं. एकदा मासळीचा ट्रक आला. वास होता, बर्फ होता, ड्रायव्हरच्या अंगाला खवले होते. मी तिथेच थांबवला."

"का?"

"नाक्यावरची मांजरं जागची हलली नाहीत. वरच्या दोन पाट्या मासळी, खाली सगळे टीव्ही." त्यांनी रिकाम्या कपात डोकावून पाहिलं. "तुळसाबाई, काल संध्याकाळी पाणी मारायला आलात तेव्हा नवीन काय दिसलं?"

"नवीन काय न्हाय. साहेब येनार म्हनून करतात ते केलेलं. मांडव, तोरन, बांधाला पांढरं. मी रोजच्यासारखं गोनपाटावर पानी मारलं नि घरी गेले."

"अनोळखी कोणी?"

"न्हाय. मांडववाले व्हते, राऊतसाहेब व्हते. आन् आमचा रवी, टँकर घेऊन."

राऊतांनी एवढ्या जोरात मान वळवली की चष्मा घसरला. "कसला टँकर?"

तुळसाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "खारं पानी व्हतं त्यात. खाडीचं."

३. खारं पाणी

गांडुळाला खारं पाणी चालत नाही हे आमच्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर छापलेलं आहे. पत्रक मीच लिहिलं होतं, त्यामुळे मला खात्री होती आणि राऊतांना तर आनंद झाला. घातपात करणारा सापडला की दुःख बरंच हलकं होतं.

रवी म्हात्रे समोरच्या नाक्यावर मोटारसायकलवर आडवा बसून दोन मोबाइलवर आळीपाळीने बोलत होता. इस्टेट एजंट. गळ्यात जाड चेन. हरिश्चंद्र डेव्हलपर्सचा टॉवर त्याच्या आईच्या शेतात अजून फक्त रंगीत चित्रात उभा होता, आणि ते चित्र रवीच्या खिशात घडी करून ठेवलेलं असे.

"काका, हां, टँकर माझाच," तो म्हणाला. "पलीकडच्या साइटवर धूळ उडतेय, लोक बोंबलतायत, म्हणून पाणी मारतोय रोज. गोडं पाणी मारू काय धुळीवर? प्यायला मिळत नाय इथे."

"गांडुळं मेली आहेत, रवी," राऊत म्हणाले. "तुझ्या आईचं शेत जाईल."

"साहेब, बुरा मत मानना, पण शेत जायलाच तर मी बसलोय ना."

"म्हणजे कबूल?"

"काय कबूल? अहो, मारायला मेहनत लागते. मला फक्त थांबायचंय. सरकारी पैसा हाय, आज ना उद्या बंद होणारच. आई सही करते बोललीये. मग मी कशाला लोचा करून घेऊ? आईने मला गोणपाटाने धुतला असता." त्याने मनोरमाताईंकडे पाहिलं. "ताई, तुम्ही सांगा यांना."

ताईंनी फक्त विचारलं, "तू काल खड्ड्यांपाशी गेला होतास?"

"गेलो ना. आईचा डबा द्यायला. पण थांबलो नाय, मला शिंका येत होत्या नुसत्या."

"तुला सर्दी आहे?"

"नाय. फक्त तिथे."

राऊत कुजबुजले, "खोटं बोलतोय. शिंका ही काय सबब झाली?" मलाही तसंच वाटलं. परत येताना ताईंनी गोणपाटाचा एक धागा तोडला आणि चक्क जिभेला लावला. लगेच थुंकून टाकला, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली.

"खारं?" मी विचारलं.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या. "आता खताच्या दुकानात चला. आणि राऊतसाहेबांना आणू नका."

४. ज्याचा धंदा बुडतो

खतं-बियाण्यांचे दुकानदार बबन शिंगोटे हे राऊतांच्या दृष्टीने शत्रूचे सेनापती होते. युरियाच्या थप्पीला पाठ टेकून ते पेपर वाचत होते. मनोरमाताईंना पाहून त्यांनी सवयीने आजूबाजूला कुठे बिलं आहेत का ते चाचपलं.

"गांडुळं मेली म्हणे," ते म्हणाले. "फार वाईट."

"तुम्हाला कशाला वाईट?" मी जरा चिडूनच विचारलं. "सरकार सेंद्रियवर पैसे उधळतं असं परवा तुम्हीच ओरडत होतात."

"ते आजही ओरडीन. चांगलं असेल तर विकलं जाईल. सरकारने का द्यावेत?"

मला हा वाद घालायचा नव्हता, पण गेली तीन वर्षं मी तो घालतोच आहे; केशकर्तनालयात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दंतवैद्याकडे तोंड उघडं असताना.

"तुमच्या पाठीमागे जी थप्पी आहे तिच्या प्रत्येक गोणीमागे सरकार पैसे देतं," मी म्हणालो. "तिची पाहणी करायला कधी समिती आली? तिला कोणी विचारलं, बाई, तू जमिनीचं काय केलंस? गांडुळाला मात्र दर वर्षी उभं राहून आपण उपयोगी आहोत हे सिद्ध करावं लागतं. आणि त्याला उभं राहता येत नाही."

"मग भाजी खाणाऱ्यांकडून घ्या की जास्त पैसे."

"ते देत असते तर सरकारच्या दारात कशाला गेलो असतो?"

"खाणाऱ्यांचाच कशाला प्रश्न," मनोरमाताई मधेच म्हणाल्या. "शेतातलं पाणी खाडीत जातं. खाडीतली निवटी मासळी तुम्हीपण खाता, शिंगोटे. त्याचं बिल कोण फाडणार?"

शिंगोट्यांनी पेपरची घडी केली. "ताई, मुद्द्याचं सांगू? गेल्या वर्षी माझ्याकडे सगळ्यात जास्त काय खपलं माहितीये? गांडूळ खत. बाल्कनीत गुलाब लावणाऱ्या बायका नेतात. आणि ते कुठून येतं? तुमच्याच केंद्रातून. माझा सप्लायर मेलाय, मला वाईट वाटणार नाही?"

सेनापती निर्दोष सुटला. मला फार निराश वाटलं. शिंगोट्यांनी हे केलं असतं तर लेख किती सोपा झाला असता.

आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "अनुदान मिळू दे बुवा तुमचं. राऊतसाहेबांनी स्वागतात तरी काही कमी केलं नाही. सामान माझ्याकडूनच गेलं."

ताई थांबल्या. "स्वागताचं सामान? खताच्या दुकानातून?"

"सगळेच नेतात. मंत्री येणार म्हटलं की माझा स्टॉक संपतो."

ताईंनी डोळे मिटले. नाक्यावर मांजरं हलली नाहीत तेव्हाही बहुधा अशाच उभ्या राहिल्या असतील.

"लेखक," त्या म्हणाल्या, "राऊतसाहेबांना एक खुर्ची द्यायला सांगा. उभ्याने ऐकवणार नाही त्यांना."

५. खुर्ची

दुपारी मांडवात आम्ही पाच जण होतो: ताई, राऊत, तुळसाबाई, रवी आणि मी. सुस्वागतम् आमच्या डोक्यावर हलत होतं.

"लेखक," ताईंनी सुरुवात केली, "सकाळी तुम्ही इथे चहा प्यायलात. एरवी या जागी चहा कसा पिता?"

"एका हाताने. दुसऱ्या हाताने माश्या हाकलाव्या लागतात."

"आणि आज?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आत जायला एकही माशी नव्हती.

"ओला कचरा आहे, उघडे खड्डे आहेत, वर पाऊण लाख मढी," ताई म्हणाल्या. "आणि माशी नाही. मुंगीसुद्धा नाही. खाऱ्या पाण्याने गांडूळ मरतं, माशी मरत नाही. म्हणजे रवी सुटला. ज्या कोणी हे केलं त्याला मुळात गांडुळं मारायचीच नव्हती. माश्या मारायच्या होत्या. आता सांगा, या जागेवर माश्या नकोत असं कोणाला वाटेल? ज्याला ही योजना बंद पाडायचीय त्याने माश्या ठेवल्या असत्या, वर दोन टोपल्या बाहेरून आणून सोडल्या असत्या. माश्या नकोत त्याला, ज्याला ही योजना जगवायचीय. साहेबाला सगळं छान दिसावं असं ज्याला जिवापासून वाटतंय."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

"राऊतसाहेब, शिंगोट्यांकडून काय आणलंत?"

राऊतांना प्रश्नच समजला नव्हता. "काय म्हणजे? चुना आणि त्यात मिसळायची पावडर. मान्यवर येणार म्हटल्यावर रस्त्याच्या कडेला मारतात ती."

"ती कशाची असते?"

"कशाची म्हणजे... ती पावडर असते. ती मारतातच. मी नोकरीत असताना प्रत्येक दौऱ्याला मारली आहे. वाटेवर, बांधावर, प्रसाधनगृहापाशी."

"आणि खड्ड्यांवर?"

"तिथे जरा जास्त मारायला सांगितली. तिथे माश्या फार..." इथे राऊत थांबले.

रवीने हळूच नाक चोळलं. "तरीच शिंका," तो म्हणाला.

"वर गोणपाट होतं," राऊत अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मी गोणपाटावर मारायला सांगितली होती. आत नाही."

"आन् मी वरनं पानी मारलं," तुळसाबाई म्हणाल्या. "पांढरं दिसत व्हतं गोनपाट. मना वाटलं, बांधाला पन हाय, इथं पन हाय. साहेबासाठी असंल."

गंमत अशी की ती पावडर आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. मी तर तिचं वर्णनही केलं आहे; वर, पहिल्याच प्रकरणात, तोरणाच्या आणि फलकाच्या शेजारी. सेंद्रिय शेतीच्या केंद्रावर कीटकनाशकाच्या रेघा ओढलेल्या आणि कार्यकारिणी सदस्याला त्या शोभिवंत वाटल्या. साहेब येण्याआधी पांढरी रेघ पडणारच. ती आपण पाहत नाही, फक्त नसली तर विचारतो.

राऊतांनी चष्मा काढला. या माणसाने या योजनेसाठी काय काय केलं ते मी पाहिलं होतं. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, हे पुण्याच्या कृषी कार्यालयात जात. अनुदान थांबलं तेव्हा खिडकीपाशी डबा खात बसून राहिले होते, शेवटी कारकुनानेच लोणचं दिलं आणि फाइल हलवली.

"मी राजीनामा देतो," ते म्हणाले.

"राजीनाम्याने गांडूळ उठतं का?" तुळसाबाईंनी विचारलं. मग राऊतांच्या समोर चहाचा कप ठेवला. "प्या. माशी न्हाय त्यात."

रवी उठून म्हणाला, "एक आयडिया देऊ? वरवर काळी माती टाका. साहेब काय खणून बघणार नाय. फोटो काढेल, नारळ घेईल, जाईल."

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. आणि रवीने ते आपल्या टॉवरच्या विरोधात सुचवलं होतं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटत असावं. पण मनोरमाताईंनी तुळसाबाईंकडे पाहिलं. "शेत तुमचं आहे. तुम्ही सांगा."

तुळसाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"उद्या साहेब इचारंल तर मी खोटं न्हाय बोलनार," त्या म्हणाल्या. "न इचारंल तर बघू."

६. पाहणी

साहेबांनी विचारलं नाही.

सोमवारी पांढरी गाडी आली. समितीप्रमुखांनी नाव सांगितलं नाही, पदनाम सांगितलं. पांढऱ्या रेघांच्या मधून चालत ते मांडवात आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "स्वच्छता उत्तम आहे. इतर ठिकाणी माश्या फार असतात."

राऊत मान खाली घालून उभे होते. नारळ दिला, शाल दिली. फोटो निघाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणखी जरा वेळ गेला असता तर रवीचं म्हणणं खरं ठरलं असतं. तेवढ्यात मुळ्याची जुडी घेऊन तुळसाबाई पुढे आल्या. फोटोवाल्याने त्यांना साहेबांच्या शेजारी उभं केलं.

"साहेब," त्या कॅमेऱ्याकडे बघतच म्हणाल्या, "गांडुलं मेलीत."

"काय?"

"तुमच्या स्वागताला पावडर मारली, त्यात मेली. हा मुला खाऊ नका. बांधावरनं वाफ्यात उतरली असंल."

फोटोत हा क्षण आला आहे. साहेबांच्या हातातला मुळा अंगापासून दूर जातोय.

मग मनोरमाताईंनी सगळं क्रमाने सांगितलं. एक शब्द लपवला नाही. राऊतांचं नाव मात्र घेतलं नाही, 'आयोजक' म्हणाल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "चूक स्वागताची आहे, योजनेची नाही. खड्डे पुन्हा भरता येतील. पण पैसे बंद केलेत तर हे शेत परत मिळणार नाही, इथे वीस मजले उभे राहतील."

साहेबांनी सोबतच्या सहायकाला बाजूला नेलं. दोघे मांडवाच्या मागे बोलत राहिले. परत आले तेव्हा चेहरे कोरे होते. "अहवाल पाठवू," ते म्हणाले. गाडी गेली. मुळा खुर्चीवर राहिला.

एप्रिलपर्यंत राऊत घराबाहेर पडले नाहीत. तुळसाबाईंनी रवीच्या खिशातलं चित्र दोनदा मागून पाहिलं आणि दोनदा परत दिलं. एकदा विचारलं, "आपन कितव्या मजल्यावर?" रवी म्हणाला, "तुला हवा तो, आई." रिकाम्या खड्ड्यांशेजारच्या वाफ्यांना पाणी मात्र रोज घालत होत्या.

मग एका दुपारी मनोरमाताई ठाण्याला गेल्या आणि त्या सहायकाला त्याच्या टेबलापाशीच गाठलं. जकात निरीक्षकासमोर माणसं आपण होऊन बोलतात. ही योजना फक्त रासायनिकातून सेंद्रियकडे रूपांतर चालू असलेल्या जमिनींसाठी आहे, असं त्याने सांगितलं. तुळसाबाईंच्या जमिनीची तीन वर्षं मार्चअखेर पुरी होणार होती. त्या सोमवारी सगळं नीट दिसलं असतं तर 'उद्दिष्ट साध्य' असं लिहून अनुदान बंद करायचं ठरलेलंच होतं. समिती तेवढ्यासाठीच आली होती. बाजारात भाव मिळायला लागायच्या नेमक्या आधी पैसे का बंद करायचे, हे ताईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, असा प्रश्न याआधी कोणी विचारला नव्हता.

पावडरीमुळे जमिनीची तीन वर्षं पहिल्यापासून धरली गेली. त्या आठवड्यातच आदेश आला. अनुदान तीन वर्षांसाठी मंजूर झालं होतं. कारणाच्या जागी लिहिलं होतं: जमीन अद्याप सेंद्रिय झालेली नाही.